करवत येता-जाता कापत नाही

एखादा माणूस दोन्हीकडून कसा फायदा काढतो हे सांगायचं असलं की आपल्याकडे म्हणतात, "तो काय, करवत आहे. जातानाही कापतो, येतानाही कापतो." मंडळी, करवतीची एवढी बदनामी दुसऱ्या कुणी केली नसेल. एका हाताने चालवायची साधी करवत एकाच बाजूने कापते. तिचे दात एका अंगाला झुकलेले असतात. त्या दिशेने गेली की लाकूड कापतं, परतीच्या वाटेवर ती नुसता भुसा घेऊन बाहेर येते. पूर्वी दोघांनी दोन टोकांना धरून ओंडका कापायची लांबलचक करवत असायची, ती दोन्हीकडे कापायची खरी. म्हण बहुधा तिच्यावरून आली असावी, आणि बिचारी धाकटी बहीण फुकट बदनाम झाली.

यातली खरी गंमत अशी, की कुठल्या बाजूने कापायचं यावर जगात सरळ दोन तट आहेत. इंग्रजी आणि अमेरिकन करवत ढकलताना कापते. आपली जुनी देशी करवत, तशीच जपानी आणि तुर्की, ओढताना कापते. साहेब लाकूड बाकाला आवळून उभा राहतो आणि अंगाचा भार पुढे टाकतो. आपला सुतार जमिनीवर बसतो, फळी पायाखाली दाबतो आणि करवत स्वतःकडे ओढतो. ढकलायच्या करवतीचं पातं रुंद आणि जाड लागतं, नाहीतर ते मध्येच वाकतं. ओढायच्या करवतीला ती भीती नाही. दोरी ढकलून बघा आणि ओढून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. हा मुद्दा जरा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हिंजवडीत बसून जावा लिहिणाऱ्या माणसाला हे उद्योग कशाला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. बायकोलाही पडतो. तिच्या भाषेत, "लोक विकांताला गडावर जातात, आमचे हे भंगारात." तर हो, मी जुन्या करवती शोधतो आणि दुरुस्त करतो. गेली चार-पाच वर्षं हा नाद आहे. सुरुवात झाली ती साध्या चिडीतून. घरातलं एक शेल्फ कापायला तीन-चारशे रुपयांची नवी करवत आणली. छान कापायची. वर्षभरात बोथट झाली म्हणून कानस घेऊन बसलो, तर कानस दातांवरून नुसती घसरायला लागली. मग जालावर वाचलं तेव्हा उलगडा झाला. हल्लीच्या बऱ्याच करवतींचे दात विजेवर क्षणभर तापवून इतके कडक करतात की ते खूप दिवस टिकतात, पण त्यांच्यावर कानस चालत नाही. दातांचा काळपट-निळसर रंग ही त्याची खूण. म्हणजे बोथट झाली की फेकायची! रोज नवीन फ्रेमवर्क येणाऱ्या धंद्यात असूनही मला हे काही झेपलं नाही. जिला पुन्हा पुन्हा धार लावता येते अशी करवत हवी असेल तर जुनीच शोधावी लागणार, हे तेव्हाच ठरलं.

जुन्या करवतींच्या दुनियेत दोन गावांचा दबदबा आहे, इंग्लंडातलं शेफिल्ड आणि अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. फिलाडेल्फियाचा हेन्री डिस्टन मूळचा इंग्रजच. १८४० मध्ये त्याने तिथे कारखाना काढला आणि पुढे त्याच्या घराण्याने जगभर करवती विकल्या. १९५५ मध्ये कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली. त्यांच्या चांगल्यातल्या करवतींच्या मुठीवर गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या असायच्या. शेफिल्डची स्पिअर अँड जॅक्सन तर १७६० सालची. आपल्याकडे भंगारात सापडल्याच तर जास्त करून शेफिल्डच्या सापडतात, निदान मला तरी.

परभणी हे माझं गाव, आणि आजोळ जिंतूर तालुक्यात. दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची, सकाळी घरी चहा, आणि दहा वाजता मी मोंढ्याजवळच्या एका भंगाराच्या दुकानात. मालक मला आता ओळखतो. पहिल्यांदा त्याला वाटलं होतं की मी कुठल्यातरी खात्याचा माणूस असून चौकशीला आलोय :) दोन वर्षांपूर्वी त्याने पंख्यांच्या पात्यांखालून एक करवत काढून दाखवली. पूर्ण्याच्या एका निवृत्त रेल्वेवाल्याचं घर रिकामं केलं तेव्हा ट्रंकेत निघाली म्हणे. पूर्णा म्हणजे जुनं जंक्शन, तिथे घरोघरी रेल्वेवाले, त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला.

करवत घेताना मी चार गोष्टी बघतो. गंज दिसला म्हणून घाबरायचं नाही, तो निघतो. पण गंजाने दातांच्या रांगेशी खड्डे पाडले असतील तर सोडून द्यायची, कारण खड्ड्यावर दात टिकत नाही. मग पातं डोळ्यासमोर बंदुकीसारखं धरून सरळ आहे का पाहायचं. मग दोन्ही हातांनी कमानीसारखं वाकवून सोडायचं, चांगलं पोलाद झटक्यात जागेवर येतं. शेवटी टिचकी मारायची. चांगलं पातं वाजतं, आणि बराच वेळ वाजत राहतं. ही वाजली. दुकानात दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली एवढी वाजली. पाऊण किलोचा माल, वजनाने वीस-पंचवीस रुपयांचा. दीडशे दिले आणि घासाघीस न करता बाहेर पडलो.

दुरुस्तीचं सगळं सांगत बसलो तर तुम्ही ही खिडकी बंद कराल, म्हणून थोडक्यात. आधी मूठ काढायची. ती पितळी नटांनी बसवलेली असते आणि त्या नटांना दोन बारीक खाचा असतात. साधा स्क्रू-ड्रायव्हर तिथे लागत नाही. मी एका जुन्या पटाशीला मधोमध खाच पाडून त्याचं हत्यार केलं. पात्यावरचा गंज भिजवायला पूर्वी रॉकेल वापरत, आता रॉकेल शोधूनही मिळत नाही, म्हणून डिझेल. एक रात्र डिझेलचा बोळा फिरवून ठेवायचं, सकाळी ब्लेडने खरवडायचं, मग लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून लांबीच्या दिशेने घासत बसायचं. काही लोक पातं लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवतात. गंज झटपट जातो, पण त्याबरोबर कारखान्याने पात्यावर आम्लाने उमटवलेली अक्षरंही पुसट होतात. मला घाई नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी काळ्या पात्यातून हळूहळू अक्षरं वर यायला लागली. आधी नुसता 'शेफिल्ड', मग वर 'स्पिअर अँड जॅक्सन', आणि कडेला 'कास्ट स्टील'.

या 'कास्ट स्टील'ने अनेकांचा घोटाळा होतो. कास्ट म्हटलं की आपल्याला बीड आठवतं (धातू म्हणतोय, आमचा शेजारचा जिल्हा नव्हे). बिडाची करवत केली तर पहिल्याच वाकण्यात तिचे दोन तुकडे होतील. इथे कास्ट स्टील म्हणजे मुशीत वितळवून ओतलेलं उत्तम पोलाद. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने ही रीत १७४० च्या दशकात बसवली आणि त्यावरच त्या गावाचं नाव झालं.

पण मुशीतलं पोलाद ही काही साहेबाने आपल्याला शिकवलेली गोष्ट नाही. आमच्या गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी नांदेड ओलांडून तेलंगणात शिरते. तिथे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. त्या गावात मातीच्या छोट्या मुशींमध्ये वुट्झ पोलाद तयार व्हायचं आणि ते विकत घ्यायला थेट इराणातून व्यापारी यायचे. हेन्री व्हॉयसी नावाच्या इंग्रज सर्वेक्षकाने तिथली भट्टी पाहून लिहिलेलं वर्णन १८३२ मध्ये छापून आलं. तिकडे लंडनमध्ये मायकेल फॅरडे, हो, विजेवाला तोच, त्याआधीच आपल्याकडच्या या पोलादाचं रहस्य शोधत प्रयोग करत बसला होता. पूर्वी परभणी आणि कोनासमुद्रम दोन्ही निजामाच्याच मुलखात. आणि त्याच मुलखातल्या ट्रंकेत मला सापडली ती शेफिल्डची करवत. असो.

मूठ बीच नावाच्या विलायती लाकडाची होती. तिला घरच्या जवसाचं तेल चोळलं. दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर चार दिवस वाळवायचं. मूठ परत बसवली, पात्याला मेण लावलं, आणि ती अशी दिसायला लागली की बायकोनेही हातात घेऊन पाहिली. राहिली फक्त धार. धार लावायचं मी पुस्तकी शिकलो होतो. दातांची टोकं सपाट कानशीने एका रेषेत आणायची, तिकोनी कानशीने प्रत्येक दात घासायचा, मग एक दात डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवायचे, म्हणजे काप पात्यापेक्षा रुंद पडतो आणि करवत अडकत नाही. लाकडाच्या रेषांसोबत उभं कापायचं असेल तर दात पटाशीसारखे सरळ घासायचे, आडवं कापायचं असेल तर चाकूसारखे तिरपे. एवढं सगळं पाठ होतं. पण एवढ्या देखण्या करवतीला जाणत्या माणसाचा हात लागावा असं वाटलं, म्हणून ती घेऊन आजोळी गेलो.

आजोळी सुतारमामा आहेत. आईच्या गावचे, म्हणून आम्हा सगळ्या भावंडांचे मामाच. पंचाहत्तरी ओलांडलीय. त्यांचे वडील बलुत्यावर काम करायचे. वर्षभर नांगर, वखर, तिफण, गाडी नीट ठेवायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन ज्वारी आणायची. मामांनी बलुत्याचा शेवट आणि रोख पैशाची सुरुवात दोन्ही पाहिली. आता ट्रॅक्टरमागे लोखंडी पेरणीयंत्र चालतं. बाभळीची तिफण कुणी करून मागत नाही, गाडी वर्षात एखादी दुरुस्तीला येते. चौकटी, बाजा आणि देवघरं एवढंच उरलंय. नातू पुण्यात प्लायवूडचं फर्निचर करतो. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नेमकी आमच्या मुक्तिसंग्रामदिनी सुरू झाली. तिच्यात सुताराला अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. नातवाने त्यात नाव घातलं ते विजेवरच्या कटरसाठी. मामांनी त्याला आडकाठी केली नाही. "त्याला वेगळं काम करायचंय, त्याला वेगळं हत्यार," एवढंच म्हणाले.

मी पिशवीतून करवत काढून त्यांच्यापुढे ठेवली. मनात म्हटलं, आता शाबासकी. मामांनी ती उचलली, दातांवरून अंगठा फिरवला, पातं वाकवून सोडलं, आणि मग चार बोटं आडवी धरून पात्याची रुंदी मोजली. परत दुसऱ्या टोकाला मोजली. मग म्हणाले,

"भाचेबुवा, पोलाद लय झकास हाय. पण हिनं काम केलं नाही. बसून खाल्लंय हिनं."

मला काही कळेना. मामा उठून आत गेले आणि त्यांची करवत घेऊन आले. ती ओढायची देशी करवत होती, बाभळीची मूठ, मूठ हाताच्या घामाने काळी झालेली. तिचं पातं पाहून मला आधी ती खेळण्यातली वाटली. जेमतेम दीड बोट रुंद. वडिलांनी रझाकारांच्या गडबडीनंतर दोन-चार वर्षांनी जिंतूरच्या बाजारातून घेतलेली, हाली सिक्क्यातले रुपये मोजून. तेव्हा मामा लहान होते. घेतली तेव्हा चार बोटं रुंद होती, असं वडील सांगायचे. पुढची सत्तर वर्षं बाप-लेकांनी तिला कानस लावली. एकेका धारेला केसभर पोलाद झडलं आणि अडीच बोटं पातं भुकटी होऊन अंगणात पडलं. मी सवयीने हिशेब केला. वर्षाला पाऊण मिलिमीटरही होत नाही.

आणि तेव्हा तो सुरुवातीचा मुद्दा डोक्यात आला. एवढं अरुंद पातं ढकललं असतं तर पहिल्याच फटक्यात वाकून गेलं असतं. ओढायचं होतं म्हणूनच ते दीड बोटापर्यंत कामाला आलं. शेफिल्डची करवत इतकी झिजली असती तर निम्म्या वाटेवरच टाकून द्यावी लागली असती.

मी जालावर शेकडो जुन्या करवतींचे फोटो पाहिलेत. रुंद पाती, स्वच्छ अक्षरं, सगळे दात जागेवर. लोक त्यांना 'उत्तम स्थितीत' म्हणतात आणि त्यावर किंमत चढते. आमच्या क्षेत्रातला माणूस याला पटकन सर्व्हायव्हरशिप बायस म्हणून मोकळा होईल. पण अर्थ नीट ध्यानात घ्या. या सगळ्या अशा करवती आहेत की ज्या कुणी फारशा वापरल्या नाहीत. कुणाची बदली झाली, कुणी नोकरीला लागला, कुणी हौसेने आणून ट्रंकेत ठेवली. ज्या खऱ्या कामाच्या, चांगल्या सुताराच्या आवडत्या होत्या, त्या संग्रहात दिसणारच नाहीत, कारण त्या संपल्या. मी मामांना विचारलं, पार झिजल्यावर करवतीचं काय करायचे? तर म्हणाले, तुकडे करायचे. एक तुकडा रंध्यानंतर लाकूड खरवडून गुळगुळीत करायला, एक चांभाराकडे जायचा, तो त्याची रापी करून घ्यायचा. उरलं तर लोहार नेई. परभणी जिल्ह्यात जुनी करवत इतकी क्वचित का सापडते याची मी मनात बरीच कारणं रचली होती, गरिबी, भंगारवाले वगैरे. हे कारण त्यात नव्हतं.

मग मामा म्हणाले, "माझी आता एक-दोन धारा काढंल. ही ठेवतोस का माझ्यापाशी?"

ठेवायला माझी काही हरकत नव्हती. पण मामा बसून काम करणार, त्यांना ओढायची करवत हवी. म्हणजे माझ्या करवतीचे मूळचे दात पूर्ण घासून पातं सपाट करायचं आणि उलट्या दिशेने नवे दात काढायचे. कारखान्यातून आलेली दातांची रांग गेली की संग्राहकाच्या लेखी ती करवत संपली. मी दोन महिने विकांत घालवून जी वस्तू जशीच्या तशी परत आणली होती, तिचा जसाच्या तसेपणा एका दुपारीत जाणार होता. मामांना हे सगळं समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंजे भिंतीला लावायची हाय का?"

मी म्हटलं, काढा दात.

ते बघण्यासारखं होतं. दोन पाट्यांमध्ये पातं आवळून त्या पायाने दाबल्या, आणि आधी सपाट कानशीने सगळी रांग उतरवून टाकली. मग एक जुना फणीसारखा लोखंडी तुकडा लावून खुणा केल्या आणि तिकोनी कानस हातात घेतली. मामांची नजर आता कमी झालीय, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. ते दाताकडे बघतच नव्हते. कानशीचा आवाज ऐकत होते. दात बरोबर बसला की आवाज बारीक व्हायचा आणि ते पुढच्या दातावर जायचे. प्रत्येक दाताला मोजून तितकेच हात. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, नंतर परत परत ऐकला, मला त्या दोन आवाजांतला फरक अजूनही दहापैकी सहा वेळाच ओळखू येतो. दात वाकवायला त्यांच्याकडे खाच पाडलेली लोखंडी पट्टी होती, तिने एक इकडे, एक तिकडे. शेवटी दातांच्या रांगेवर एक सुई ठेवली आणि करवत तिरकी केली. डाव्या-उजव्या दातांच्या मधल्या घळीतून सुई या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ घसरत गेली. जगभरचे करवतवाले ही परीक्षा घेतात हे मी वाचलं होतं. मामांनी ती वडिलांकडून घेतली होती.

विलायती मुठीकडे बघून म्हणाले, "मूठ बरी हाय, राहू दे." मग लिंबाची एक फळी पायाखाली घेऊन पहिला काप ओढला.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मध्ये गेलो तेव्हा पाहिलं, मुठीला मी लावलेल्या जवसाच्या तेलावर हाताचा काळा थर चढायला लागलाय. पात्यावरची अक्षरं अजून वाचता येतात, फक्त 'कास्ट स्टील'वर कुठलातरी ओरखडा आहे. मामांची दीड बोटाची करवत त्यांनी मला देऊ केली. मी म्हटलं, रापीला द्यायची तर द्या, मी नेणार नाही. त्यावर हसले, पण दिली नाही अजून कुणाला. खुंटीवर आहे.

परवा मामेभावाचा फोन आला होता. मामांचा निरोप, तिकोनी कानशी संपल्यात, जिंतूरला मिळतात त्यांचा कोपरा लवकर मरतो, पुण्याहून बऱ्या आण. शनिवारी बोहरी आळीत जाऊन चार इंची बारीक कानशी अर्धा डझन घेऊन ठेवल्यात. गुरुवारच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय.